अभियांत्रिकीसाठी विद्यापीठ बदलताना : क्रेडिटच्या बेरजेआधी विषयांची साखळी

अभियांत्रिकीची पदवी अर्ध्यावर असताना विद्यापीठ बदलू पाहणारा विद्यार्थी बहुधा सर्वांत आधी एकच गोष्ट विचारतो: माझी किती क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या भारानुसार प्रत्येक विषयाला दिलेले एकक, मान्य होतील? विचारणे स्वाभाविक आहे, परंतु उत्तर मिळाले तरी निर्णय घेण्याजोगे फारसे काही हाती लागत नाही. साठ क्रेडिट मान्य झालेल्या विद्यार्थ्याला पदवीसाठी एक वर्ष जादा थांबावे लागते आणि पंचेचाळीसच मान्य झालेला विद्यार्थी ठरल्या वेळी पदवी घेऊन बाहेर पडतो, असे घडू शकते. कारण अभियांत्रिकीचे विषय उतरंडीसारखे एकावर एक रचलेले असतात, आणि खालचे एक मडके नसेल तर वरची कितीही जमवली तरी ती रचता येत नाहीत. म्हणून विचारायचे ते असे: नव्या विद्यापीठात मला नेमके कोणत्या सत्रात बसवले जाईल, आणि त्या सत्रातले किती विषय मी पहिल्या दिवसापासून घेऊ शकेन? पुढील सारी तयारी या एका प्रश्नाचे लेखी उत्तर मिळवण्यासाठी आहे.

साखळी कागदावर उतरवा

ज्या विद्यापीठात जायचे आहे तेथील आपल्या शाखेचा सत्रनिहाय अभ्यासक्रम समोर घ्यावा आणि तो शेवटाकडून वाचायला सुरुवात करावी. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाआधी कोणते विषय उत्तीर्ण असावे लागतात ते पाहावे, त्या विषयांच्या आधी कोणते लागतात ते पाहावे, आणि असे मागे मागे येत पहिल्या सत्रातल्या गणितापर्यंत पोहोचावे. मेकॅनिकल शाखेत ही वाट साधारणपणे मशीन डिझाइनवरून स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सकडे, तेथून स्टॅटिक्सकडे आणि तेथून भौतिकशास्त्रातील यांत्रिकी व कॅल्क्युलसकडे येते. इलेक्ट्रिकलमध्ये कंट्रोल सिस्टिम्सच्या आधी सिग्नल्स अँड सिस्टिम्स, त्याच्या आधी सर्किट्स, आणि सर्किट्सच्या आधी किंवा जोडीने विद्युत-चुंबकीय भौतिकशास्त्र व डिफरन्शियल इक्वेशन्स लागतात. केमिकलमध्ये रिअॅक्शन इंजिनिअरिंगपर्यंत जाण्यासाठी थर्मोडायनॅमिक्स आणि मास-एनर्जी बॅलन्स हे दोन्ही टप्पे ओलांडावे लागतात.

मोठा कागद घेऊन प्रत्येक विषयाची एक चौकट काढावी, एका विषयावर दुसरा अवलंबून असेल तेथे बाण काढावा, आणि आपण उत्तीर्ण झालेल्या विषयांच्या चौकटी पेन्सिलीने रंगवाव्यात. मग न रंगलेल्या चौकटींमधून जाणारी सर्वांत लांब वाट शोधावी. त्या वाटेवर पाच चौकटी असतील तर किमान पाच सत्रे लागणारच, मग बाजूला इतर विषयांची चाळीस क्रेडिट जमा असली तरी त्यांनी ही वाट एका सत्रानेही आखूड होत नाही. विद्यार्थ्यांनी हे चित्र अर्ज करण्याआधी काढावे असा माझा आग्रह आहे, कारण अर्जानंतर काढलेले चित्र बहुतेक वेळा केवळ उशीर किती झाला एवढेच दाखवते.

या चित्रात दोन बारकावे आवर्जून नोंदवावेत. पहिला म्हणजे विषय दर सत्रात शिकवला जातो की वर्षातून एकदाच. अनेक विभागांत तिसऱ्या वर्षाचे मुख्य विषय वर्षातून एकाच सत्रात शिकवले जातात. अशा विषयाची पूर्वअट एका सत्राने हुकली तर नुकसान एका सत्राचे होत नाही, पूर्ण वर्षाचे होते. दुसरा म्हणजे कोणता विषय आधी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे आणि कोणता सोबत घेतला तरी चालतो. नियमावलीत या दोन्हींसाठी वेगवेगळे शब्द असतात आणि घाईने वाचताना ते एकच वाटतात. डिफरन्शियल इक्वेशन्स सर्किट्ससोबत घेता येत असेल, तर एक अख्खे सत्र वाचते.

क्रेडिट हे एकच माप नाही

एका विद्यापीठाचे क्रेडिट आणि दुसऱ्याचे क्रेडिट ही दोन वेगळी मापे असू शकतात, आणि रूपांतर न करता बेरीज करणे म्हणजे मीटरमध्ये फूट मिळवणे. युरोपातील ईसीटीएस पद्धतीत पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला ६० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे एकूण काम गृहीत असते; त्यात व्याख्यान, प्रयोगशाळा, घरचा अभ्यास आणि परीक्षा हे सारे आले. ब्रिटनमध्ये वर्षाला १२० क्रेडिट असतात, म्हणजे तेथील दोन क्रेडिट ईसीटीएसच्या एका क्रेडिटइतकी होतात. अमेरिकेत सेमिस्टर पद्धतीच्या विद्यापीठात वर्षाला साधारण ३० क्रेडिट घेतली जातात आणि अभियांत्रिकीची पदवी बहुधा १२० ते १३० क्रेडिटच्या आसपास पूर्ण होते. भारतात एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने चार वर्षांच्या पदवीसाठी १६० क्रेडिट सुचवली असून त्यात आठवड्याला व्याख्यानाचा एक तास म्हणजे एक क्रेडिट आणि प्रात्यक्षिकाचे दोन तास म्हणजे एक क्रेडिट असा हिशेब आहे. थोडक्यात, अमेरिकेतील ३०, युरोपातील ६० आणि ब्रिटनमधील १२० हे तिन्ही आकडे एका वर्षाच्याच अभ्यासाचे आहेत.

अमेरिकेतच क्वार्टर पद्धतीतून, म्हणजे सेमिस्टरहून लहान सत्रांच्या पद्धतीतून, सेमिस्टर पद्धतीत जाताना जो घोटाळा होतो तो जवळून पाहण्यासारखा आहे. क्वार्टरचे एक क्रेडिट सेमिस्टरच्या दोन-तृतीयांश क्रेडिटइतके असते. समजा, जुन्या विद्यापीठात एक-चलीय कॅल्क्युलस तीन क्वार्टरमध्ये विभागलेले होते, प्रत्येकी पाच क्रेडिटचे, आणि विद्यार्थ्याने त्यांपैकी दोन पूर्ण केले. हातात दहा क्वार्टर क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरची पावणेसातच्या आत-बाहेर क्रेडिट झाली. नव्या विद्यापीठात तेच कॅल्क्युलस प्रत्येकी चार क्रेडिटच्या दोन विषयांत शिकवले जाते. आकड्यांवरून पाहता दुसरा विषय जवळजवळ पूर्ण झालेला वाटतो, पण अनंत श्रेणींचा भाग तिसऱ्या क्वार्टरमध्ये राहिलेला असतो आणि तो नव्या ठिकाणी दुसऱ्या विषयाच्या उत्तरार्धात आहे. परिणामी पहिल्याच विषयाला मान्यता मिळते आणि दुसरा पहिल्या पानापासून पुन्हा करावा लागतो. हा विद्यार्थी एक क्वार्टर थांबून तिसरा भाग संपवून निघाला असता, तर पूर्ण साखळी सोबत गेली असती. एकामागून एक चालणाऱ्या विषयांची मालिका मध्येच सोडून जाऊ नये. गणिताच्या बाबतीत तर कधीच नाही.

मान्य झालेले आणि पदवीत धरलेले

नव्या विद्यापीठाच्या पत्रात ‘५८ क्रेडिट मान्य’ असे लिहून आले, तर लगेच हुरळून जाऊ नये. विद्यापीठाचे प्रवेश कार्यालय क्रेडिट मान्य करते तेव्हा ती क्रेडिट तुमच्या नोंदीत येतात; परंतु ती तुमच्या शाखेच्या पदवीच्या कोणत्या रकान्यात बसतील, हे विभाग ठरवतो. नेमका समकक्ष विषय सापडला नाही तर क्रेडिट ‘मुक्त ऐच्छिक’ या खात्यात जातात, आणि अभियांत्रिकीच्या पदवीत अशा मुक्त ऐच्छिक विषयांना जागा फारच थोडी असते. ती का थोडी असते हे समजून घेणे उपयोगी आहे. अमेरिकेतील एबेट या अधिस्वीकृती संस्थेच्या, म्हणजे अभ्यासक्रमाचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, निकषांनुसार अभियांत्रिकीच्या पदवीत गणित व मूलभूत विज्ञानाची किमान ३० आणि अभियांत्रिकी विषयांची किमान ४५ सेमिस्टर क्रेडिट असावी लागतात. म्हणजे ७५ क्रेडिट तेथेच बांधली गेली. उरलेल्या जागेत भाषा, मानव्यविद्या, शाखेचे ऐच्छिक विषय आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या अटी बसवायच्या असतात. त्यामुळे आधीच्या ठिकाणी मन लावून केलेले इतिहासाचे किंवा अर्थशास्त्राचे पाच विषय मान्य झाले तरी त्यांतील दोनच पदवीच्या कामी येतात, असे सहज घडते.

त्याच पत्रात आणखी काही गोष्टी शोधाव्यात. पुष्कळ विद्यापीठांत किमान सी किंवा त्याहून वरची श्रेणी असलेलेच विषय स्वीकारले जातात, त्यामुळे काठावर उत्तीर्ण झालेला विषय जुन्या ठिकाणी पूर्ण आणि नव्या ठिकाणी अपूर्ण ठरतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी क्रेडिट येतात पण श्रेणी येत नाहीत, म्हणजे सरासरी नव्याने शून्यापासून सुरू होते. ज्यांची सरासरी चांगली आहे त्यांना याचे वाईट वाटते आणि ज्यांची घसरलेली आहे त्यांना यात संधी दिसते, परंतु पुढील शिक्षणासाठी अर्ज करताना जुनी गुणपत्रिकाही जोडावी लागणार आहे हे दोघांनीही लक्षात ठेवावे. पदवीच्या एकूण क्रेडिटपैकी ठरावीक हिस्सा, अनेकदा शेवटचे वर्ष, त्याच विद्यापीठात पूर्ण करण्याचीही अट असते. क्रेडिटला मुदतही असू शकते: भारतात २०२१ च्या नियमांनुसार सुरू झालेल्या अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा झालेल्या क्रेडिटची वैधता कमाल सात वर्षांची आहे. या बँकेत खाते असल्याने क्रेडिटची नोंद एका संस्थेकडून दुसरीकडे नेणे सोपे झाले आहे, पण खात्यात क्रेडिट असणे म्हणजे विभागाने समकक्षता दिली, म्हणजे जुना विषय आपल्या विषयाच्या जागी धरला, असे नव्हे.

दोन सिलॅबस शेजारी शेजारी

समकक्षतेचा निर्णय विषयाच्या नावावर होत नाही, आतील मजकुरावर होतो. त्यामुळे उत्तीर्ण केलेल्या प्रत्येक तांत्रिक विषयाचा सविस्तर सिलॅबस जवळ असायला हवा, आणि तोही ज्या वर्षी तो विषय शिकला त्या वर्षीचा. विद्यापीठे अभ्यासक्रम बदलतात आणि जुनी पाने संकेतस्थळावरून नाहीशी होतात. म्हणून बदलीचा विचार नुसता मनात आला असला तरी दर सत्राच्या शेवटी सिलॅबस, पाठ्यपुस्तकाचे नाव व आवृत्ती, शिकवलेली प्रकरणे, प्रयोगांची यादी, गुणविभागणी आणि शक्य तर प्रश्नपत्रिका एका फोल्डरमध्ये ठेवत जावे. सोडवलेल्या असाइनमेंट आणि प्रयोगवह्याही टाकू नयेत.

इंजिनिअरिंग मेकॅनिक्स या विषयाचे उदाहरण घेऊ. भारतातील अनेक विद्यापीठांत पहिल्याच वर्षी हा एक विषय असतो आणि त्यात बलांचे संतुलन, ट्रस, घर्षण, गुरुत्वमध्य आणि पुढे गतीविषयक भाग असे सारे येते. अन्यत्र, विशेषतः अमेरिकेत, याचे स्टॅटिक्स आणि डायनॅमिक्स असे दोन स्वतंत्र विषय असतात. सिलॅबस शेजारी ठेवून पाहिले की स्टॅटिक्सचा भाग जवळजवळ पूर्ण जुळतो. डायनॅमिक्सच्या बाजूला मात्र कणाची गती झालेली असते आणि दृढ पिंडाची प्रतलीय गती एका प्रकरणात उरकलेली किंवा अजिबात नसलेली दिसते. येथे विद्यार्थ्याने संपूर्ण डायनॅमिक्सवर हक्क सांगितला तर तपासणाऱ्या प्राध्यापकांचा बाकीच्या दाव्यांवरचा विश्वासही डळमळतो. त्याऐवजी स्टॅटिक्ससाठी समकक्षता मागावी आणि डायनॅमिक्स पहिल्या सत्रात घ्यावे. कणाची गती आधी येत असल्याने तो विषय हलकाही जातो. सामान्यतः पाऊण भागापेक्षा जास्त मजकूर जुळत असेल तरच दावा करावा असे माझे मत आहे, आणि न जुळणारा भाग साखळीत पुढे लागणारा असेल तर तेवढा जुळत असूनही करू नये.

प्रयोगशाळेचा प्रश्न वेगळा असतो. एका ठिकाणी भौतिकशास्त्राचे प्रात्यक्षिक विषयातच धरलेले असते, दुसरीकडे त्याला स्वतंत्र क्रमांक आणि क्रेडिट असते. लेखी भाग मान्य होतो आणि प्रात्यक्षिक सुटते. आपल्या प्रयोगांची यादी आणि तासिकांची संख्या दाखवणारे विभागाचे पत्र आधीच घेऊन ठेवले तर हा अडसर बहुधा दूर होतो. प्रोग्रामिंगच्या विषयात भाषेवरून अडते: सी शिकलेल्या विद्यार्थ्याला मॅटलॅब किंवा पायथनवर आधारलेला विषय माफ होईलच असे नाही. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये हाताने काढलेल्या प्रोजेक्शनपुरता अभ्यासक्रम आणि कॅडवर आधारलेला अभ्यासक्रम यांत फरक केला जातो. हे विषय साखळीत खोलवर नसतात, म्हणून त्यांच्यासाठी वादात वेळ घालवण्यापेक्षा एखादी क्षमता-चाचणी देऊन सूट मिळते का हे विचारणे बरे.

देशाची सीमा ओलांडून जाताना एक तत्त्व माहीत असावे. उच्च शिक्षणाच्या मान्यतेविषयी १९९७ मध्ये लिस्बन येथे झालेल्या करारात असे ठरले आहे की, सदस्य देशांनी एकमेकांकडील अभ्यासाच्या कालखंडाला मान्यता द्यावी, आणि ठळक तफावत दाखवता आली तरच ती नाकारावी. युरोपातील विद्यापीठांचे विभाग म्हणूनच विषयाच्या नावापेक्षा अध्ययन-निष्पत्ती पाहतात. सिलॅबसमध्ये ‘हा विषय पूर्ण केल्यावर विद्यार्थी काय करू शकेल’ हा भाग असेल तर त्याचा अधिकृत अनुवाद अवश्य सोबत द्यावा.

कोणत्या टप्प्यावर निघावे

पहिले वर्ष पूर्ण करून निघणे बहुतेकांना सोयीचे पडते, कारण पहिल्या वर्षातील गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि प्रोग्रामिंग हे सर्वत्र बरेचसे सारखे असते. दुसरे वर्ष पूर्ण करून निघणेही शहाणपणाचे ठरू शकते, मात्र त्यासाठी शाखेचे पायाभूत विषय नव्या विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाशी जुळलेले असले पाहिजेत. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमधून दोन वर्षांनी विद्यापीठात जाण्याची रुळलेली वाट आहे आणि त्यासाठी संस्थांमध्ये आधीच समकक्षता-करार झालेले असतात. कॅलिफोर्नियात तर कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोणत्या सार्वजनिक विद्यापीठात कशाच्या जागी धरला जातो, हे असिस्ट या खुल्या नोंदवहीत पाहता येते. काही ठिकाणी तीन वर्षे कला-विज्ञान महाविद्यालयात आणि दोन वर्षे अभियांत्रिकी विद्यापीठात अशी जोडपदवीची सोय असते. तिच्यात वर्षे पाच लागतात, पण पदव्या दोन मिळतात. भारतात पदविकाधारकांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, आणि पदवीच्या मध्यावर संस्था बदलायची झाल्यास सहसा रिक्त जागा असणे व दोन्ही बाजूंची संमती असणे आवश्यक ठरते. तिसऱ्या वर्षानंतर विद्यापीठ बदलण्याचा सल्ला मी देत नाही. तेव्हा शेवटचे वर्ष त्याच विद्यापीठात पूर्ण करण्याची अट, वर्षातून एकदा शिकवले जाणारे विषय आणि प्रकल्पाची तयारी हे सारे एकाच वेळी आडवे येते.

विद्यापीठासोबत शाखाही बदलायची असेल तर वर काढलेले चित्र नव्या शाखेचे काढावे, आणि तेही दोनदा तपासावे. सिव्हिलमधून मेकॅनिकलमध्ये जाताना दुसऱ्या वर्षाचा बराच भाग सोबत येतो. सिव्हिलमधून कॉम्प्युटरमध्ये जाताना गणितापलीकडे फारसे काही येत नाही, आणि डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स ते डेटा स्ट्रक्चर्स ते अल्गोरिदम ही साखळी पहिल्यापासून बांधावी लागते.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगितली पाहिजे, कारण तिच्यापायी पुष्कळ विद्यार्थी फसतात. अनेक विद्यापीठांत विद्यापीठाचा प्रवेश आणि अभियांत्रिकी विभागाचा प्रवेश या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आधी विज्ञान शाखेत प्रवेश घेऊ आणि आत गेल्यावर अभियांत्रिकीत जाऊ, असा बेत करून आलेल्या विद्यार्थ्याला विभागाची प्रवेशक्षमता भरलेली आढळते, किंवा अंतर्गत बदलासाठी लागणारी सरासरी त्याच्यापाशी नसते. प्रवेशपत्रात शाखेचे नाव स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तो अभियांत्रिकीचा प्रवेश नाही असेच समजून चालावे.

अधिस्वीकृती विद्यापीठाची नव्हे, कार्यक्रमाची

विद्यापीठ नामांकित आहे म्हणून त्याची प्रत्येक शाखा अधिस्वीकृत असते असे नाही. एबेट किंवा भारतातील एनबीए (नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशन) या संस्था एकेका पदवी-कार्यक्रमाला अधिस्वीकृती देतात, आणि ती ठरावीक मुदतीची असते. १९८९ च्या वॉशिंग्टन करारामुळे सदस्य देशांतील अधिस्वीकृत अभियांत्रिकी पदव्या व्यावसायिक नोंदणीसाठी परस्परांना तुल्य मानल्या जातात. भारत २०१४ मध्ये एनबीएच्या माध्यमातून या कराराचा पूर्ण सदस्य झाला, पण एनबीएने टिअर-१ या गटात अधिस्वीकृत केलेल्या कार्यक्रमांपुरताच त्याचा लाभ आहे. येथे एक गैरसमज दूर करायला हवा: हा करार पूर्ण झालेल्या पदवीविषयी आहे, अर्धवट अभ्यासाची क्रेडिट त्याच्या जोरावर मान्य करून घेता येत नाहीत. तरीही जुना कार्यक्रम अधिस्वीकृत असेल तर तसे कळवावे, कारण तपासणाऱ्याला त्यातून दर्जाचा अंदाज येतो. नव्या कार्यक्रमाची अधिस्वीकृती मात्र अर्जाआधीच पाहावी. ज्यांना पुढे व्यावसायिक अभियंता म्हणून परवाना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी ही अट वगळण्याजोगी नाही.

विभागाला लिहायचे पत्र

प्रवेश कार्यालयाला सर्वसाधारण चौकशीचे पत्र पाठवले की सर्वसाधारण उत्तर येते. पत्र शाखेच्या शैक्षणिक सल्लागाराला किंवा समकक्षता पाहणाऱ्या प्राध्यापकांना लिहावे, थोडक्यात लिहावे, आणि सोबत एक तक्ता जोडावा. तक्त्यात जुन्या विषयाचे नाव व क्रमांक, क्रेडिट आणि आठवड्याचे तास, मिळालेली श्रेणी, नव्या विद्यापीठातील ज्या विषयाच्या जागी तो धरावा असे वाटते त्याचे नाव, आणि शेवटी न जुळणारा भाग, असे रकाने असावेत. शेवटचा रकाना बहुतेक जण वगळतात. तो भरलेला असेल तर तपासणाऱ्याचे निम्मे काम होते आणि विद्यार्थी प्रामाणिकपणे बोलत आहे हेही दिसते. पत्राचा मजकूर असा ठेवता येईल:

‘महोदय, मी सध्या मेकॅनिकल अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकत असून पुढील शैक्षणिक वर्षापासून आपल्या विभागात बदलीने प्रवेश घेऊ इच्छितो. मी पूर्ण केलेल्या व चालू सत्रात पूर्ण होणाऱ्या विषयांचा तक्ता आणि त्यांचे सिलॅबस सोबत जोडले आहेत. यांपैकी कोणते विषय आपल्या पदवीच्या आवश्यक विषयांच्या जागी धरले जाऊ शकतील, प्रवेश मिळाल्यास मला कोणत्या सत्रात बसवले जाईल, आणि पदवीसाठी किमान किती सत्रे लागतील, याविषयी प्राथमिक स्वरूपाचे का होईना, पण लेखी मत मिळाल्यास मी ऋणी राहीन. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स या विषयाबाबत शंका असल्याने त्याची गतवर्षीची प्रश्नपत्रिकाही जोडली आहे.’

उत्तर न आल्यास साधारण दोन आठवड्यांनी याच पत्राच्या संदर्भाने नम्र स्मरणपत्र पाठवावे. काही विद्यापीठे प्रवेशाआधी समकक्षता तपासतच नाहीत. तसे असेल तर याआधी त्याच वाटेने गेलेल्या विद्यार्थ्यांचे कोणते विषय धरले गेले, एवढे तरी विभागाकडून विचारून घ्यावे. परदेशी गुणपत्रिकेसाठी विषयनिहाय मूल्यमापन अहवाल मागितला जातो. तो तयार होण्यास आठवडे लागतात, म्हणून त्याचे काम आधी हाती घ्यावे.

जुने दार केव्हा बंद करावे

नव्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र आणि समकक्षतेचा लेखी निर्णय हाती येईपर्यंत जुना प्रवेश रद्द करू नये. तोंडी आश्वासनावर, ओळखीच्या माणसाच्या शब्दावर किंवा ‘सगळे होऊन जाईल’ अशा फोनवर विसंबून महाविद्यालय सोडल्याचा दाखला काढणारे विद्यार्थी पुढे दोन्हीकडून सुटतात. भारतात एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाताना ना हरकत प्रमाणपत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि मायग्रेशन प्रमाणपत्र ही तीन वेगळी कागदपत्रे लागतात आणि ती वेगवेगळ्या कार्यालयांतून मिळतात. ना हरकत प्रमाणपत्र आधी मागितल्याने प्रवेश रद्द होत नाही. दाखला काढल्याने होतो. हा क्रम उलटू देऊ नये. गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती, सीलबंद ट्रान्सक्रिप्ट आणि शुल्क भरल्याच्या पावत्या निघण्याआधीच एकापेक्षा अधिक संख्येने घ्याव्यात, कारण नंतर दुरून एक प्रत मागवणेही जिकिरीचे होते. बॅकलॉग असलेला विषय निघण्यापूर्वी सोडवावा. नव्या विद्यापीठाच्या नोंदीत तो केवळ अनुत्तीर्ण विषय म्हणून दिसतो आणि जुन्या ठिकाणी परीक्षा देण्याची वाट बहुधा बंद झालेली असते.

विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक खाते सांभाळायचे असते. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याची सेव्हिस नोंद (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी संगणकीय यादीतील नोंद) जुन्या संस्थेने नव्या संस्थेकडे सोपवावी लागते आणि त्यासाठीची तारीख दोन्ही आंतरराष्ट्रीय कार्यालयांशी बोलून ठरवावी लागते. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसा विद्यापीठाच्या प्रायोजकत्वाशी बांधलेला असल्याने विद्यापीठ बदलताना नव्या संस्थेच्या प्रायोजकत्वावर पुन्हा अर्ज करावा लागतो. शिष्यवृत्तीचेही तसेच आहे: ती विद्यार्थ्याला दिलेली आहे की त्या संस्थेतील जागेला, हे मंजुरीपत्रात वाचावे, आणि बदलीने येणाऱ्यांना नव्या ठिकाणी शिष्यवृत्ती व वसतिगृह यांत स्थान आहे का ते विचारून घ्यावे. अनेक ठिकाणी या दोन्ही सोयी प्रथम वर्षात येणाऱ्यांसाठीच राखलेल्या असतात.

नव्या ठिकाणचे पहिले सत्र

पहिल्या सत्रात विषय कमी घ्यावेत, पण साखळीतला विषय मात्र सोडू नये. राहिलेले सामान्य विषय पुढे कधीही घेता येतात. सर्वांत लांब वाटेवरचा विषय आत्ताच घ्यायला हवा. वर्ग सुरू होण्याआधीच्या सुटीत नव्या विद्यापीठाच्या मागील सत्रांच्या प्रश्नपत्रिका मिळवून, ज्या विषयांना समकक्षता मिळाली आहे त्यांच्या सोडवून पाहाव्यात. कागदावर माफ झालेला विषय डोक्यात असतोच असे नाही. डिफरन्शियल इक्वेशन्स मान्य झाले, पण जुन्या ठिकाणी लाप्लास रूपांतर घाईत आटोपले होते, असे असेल तर कंट्रोल सिस्टिम्सच्या दुसऱ्याच आठवड्यात ते उघडे पडते. तेवढे प्रकरण सुटीत स्वतः करावे, आणि पोकळी त्याहून मोठी असेल तर मान्य झालेला विषयही पुन्हा घेण्यास कमीपणा मानू नये. मात्र तो पुन्हा घेतल्याने आधीचे मान्य क्रेडिट रद्द होते का, हे सल्लागाराला आधी विचारावे.

समकक्षतेचा निर्णय अन्यायाचा वाटला तर बहुतेक विद्यापीठांत फेरविचारासाठी अर्ज करता येतो, आणि त्यासाठी पहिल्याच सत्रात मुदत असते. फेरविचाराच्या अर्जात तक्रारीचा सूर नसावा. नाकारलेल्या विषयातील कोणता भाग जुळत नाही असे विभागाचे म्हणणे आहे ते आधी लेखी मागावे, आणि नेमक्या त्या भागाची असाइनमेंट, प्रयोगवही किंवा सोडवलेली उत्तरपत्रिका घेऊन तो विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांची प्रत्यक्ष भेट घ्यावी. ट्रसच्या सदस्यांतील बले सेक्शन पद्धतीने काढलेले स्वतःच्या हस्ताक्षरातील पान समोर ठेवले, की सिलॅबसमध्ये ती ओळ होती की नव्हती यावर चर्चा थांबून राहत नाही.